पायलटच्या खुर्चीतलं राखाडी कापड

प्रितेशने पायलटची खुर्ची आडवी केली, बुडाच्या एका बाजूच्या दोऱ्या सोडल्या आणि चामड्याची खोळ वर सरकवली.

“आज नखं वाचली माझी,” तो हसत म्हणाला. इथल्या घट्ट गाठींशी त्याचं जुनं वैर होतं. मग त्याने आत पाहिलं आणि हसू तिथेच विरलं.

“हेमांगीताई, राखाडी कापड कुठंय?”

हेमांगी राऊत पुढे झाली. चामड्याखाली थेट पिवळा फोम दिसत होता. मधलं कापड नव्हतंच.

वटारच्या वाडीतली ही शेड म्हणजे तिचं सगळं आयुष्य होतं. रिक्षाच्या सीटांपासून सुरुवात केली, मग मोटारी आल्या, मग बोटी. आणि किती उंबरठे झिजवल्यावर जुहूच्या विमानतळावरून एका छोट्या खासगी विमानाच्या खुर्च्या नव्याने मढवायला आल्या. विमानाची खुर्ची दिसायला मोटारीसारखीच. पण तिच्या पोटात, चामडं आणि फोम यांच्यामध्ये, एक राखाडी कापड असतं. ते पेट घेत नाही. ते नसेल तर फोम ठिणगीला पेटतो, आणि तेवढ्याशा केबिनमध्ये धूर कोंडला की माणसांनी पळायचं कुठे?

प्रितेश हा विमानाची देखभाल करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. आज सोमवारी तो शेवटची तपासणी करून खुर्च्या घेऊन जाणार होता. बाहेर टेम्पो उभा होता.

“मी पायलटचीच खुर्ची आधी उघडतो, हे मागच्या खेपेला सगळ्यांसमोर सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तरी हे असं?”

“ही रंभाची खुर्ची आहे,” यतीन पटकन म्हणाला. यतीन म्हणजे विरारचा पोरगा, चामडं कापण्यात उस्ताद. खुर्च्या तिघांनी वाटून घेतल्या होत्या, आणि पायलटची रंभाच्या वाट्याला आली होती.

रंभा कोपऱ्यात मशीनजवळ उभी होती. चांदीपहून रोज येणारी, कमी बोलणारी बाई. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

दारात हेमांगीचे वडील नरहरी शहाळी घेऊन आले होते. तेही जागच्या जागी थबकले.

“ताई, स्पष्ट बोलतो,” प्रितेशने आवाज खाली आणला. “कापड घालायलाच विसरला असाल, तर तुमच्या कारखान्याला पुन्हा विमानाचं काम मिळणार नाही. कोणी चोरलं असेल तर नाव द्या, पोलिसांत तक्रार द्या. मग मी वर काहीतरी सांगू शकेन. तिसरा रस्ता मला दिसत नाही.”

म्हणजे एकतर कारखाना जाणार, नाहीतर रंभा.

“मला दुपारपर्यंत वेळ द्या,” हेमांगी म्हणाली.

तिने आधी रंभालाच समोर बसवलं.

“रंभा, कापड घातलं होतंस?”

“घातलं व्हतं ताई. माज्या हातानी गुंडाळलं, गम लावला, कडंनं टाके घातले.”

“कधी?”

“शनवारी. दुपारचं जेवन झाल्यावर.”

“मग खोळ कोणी चढवली?”

“मीच. दोऱ्या बी मीच बांदल्या.”

यतीनला राहवेना. “शनिवारी ही लवकर निघाली ताई. आणि पिशवी बघायची होती तिची, टम्म फुगलेली.”

हेमांगीने मान खाली घातली. विचारायला नको वाटत होतं, पण विचारणं भाग होतं. “काय होतं पिशवीत?”

रंभाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. “केळी व्हती. काकांनी दिलेली, पोरांसाटी.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नरहरी शहाळ्यांची दोरी सोडण्यात गुंतले होते.

“बाबा, केळी दिली होती हिला?”

“दिली असतील,” ते म्हणाले. “मी येणाऱ्या-जाणाऱ्याला देतच असतो. नक्की कधी ते आठवत नाही गो.”

रंभा त्यांच्याकडे बघतच राहिली. गेली कित्येक वर्षं ती त्यांना काका म्हणत होती. त्यांच्या पाठीला लावायचं तेल तिने घरून कढवून आणलं होतं. काका काहीतरी बोलतील, अशी तिची बिचारीची खात्री होती.

“माजं नाव चांदीपला गेलं तर सासू उंबऱ्यात उबी करायची न्हाय,” ती एवढंच म्हणाली.

नाव तर एव्हाना गेलंच होतं. टेम्पोचा ड्रायव्हर चांदीपच्या शेजारच्या गावचा, आणि तो मघापासून फोनवर कुणाला तरी हे सगळं रंगवून सांगत होता.

हेमांगी खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली. फोमच्या कडेला वाळलेला गम होता, आणि त्या गमात राखाडी तंतू अडकले होते. कडेचे टाके उसवलेले नव्हते. ते पात्याने कापलेले होते.

“कापड घातलेलं होतं,” ती म्हणाली. “मागाहून कुणीतरी काढलंय.”

“म्हणजे चोरीच!” यतीन म्हणाला.

प्रितेशने रंभाकडे पाहिलं. कारखान्याचं नाव सुटत होतं, पण बाईच्या गळ्याला फास लागत होता. हेमांगीला वाटलं, आपण हे बोललोच नसतो तर बरं.

तिने खुर्चीच्या दुसऱ्या बाजूच्या दोऱ्या पाहिल्या. त्या अजून कुणी सोडल्या नव्हत्या. तिने एका गाठीखाली बोट घातलं. बोट आरामात आत गेलं. दुसऱ्या गाठीखाली घातलं, तिथेही गेलं. मग ती उठली आणि बाकीच्या खुर्च्यांच्या गाठी तपासून आली. तिथे नख शिरेना.

फळीवर राखाडी कापडाचा अख्खा तागा जसाच्या तसा पडला होता, त्याच्यावर तिने एकदा हात फिरवला.

“यतीन, जरा बाहेर ये.”

यतीन शेडमागच्या नारळाखाली येऊन उभा राहिला. चैत्राचं ऊन चढलं होतं.

“शेडची चावी कुणाकुणाकडे असते?”

“तुझ्याकडे एक, माझ्याकडे एक. तिसरी तुमच्या घरी, देवघराच्या दारामागे.”

“कुलूप फोडलेलं नाही. आणि रंभाकडे चावी नाही.”

“शनिवारीच काढलं असेल तिने.”

“रविवारी तू कुठे होतास?”

“नालासोपाऱ्याला मॅच. अख्ख्या मैदानाने बघितलंय मला. फोटो दाखवू?”

त्याने दाखवलेही. घामेजलेला, हातात चषक, मागे फलकावर तारीख.

“तुला ठाण्याचा कारखाना बोलावतोय म्हणे.”

यतीन ओशाळला. “बोलावतोय. अजून हो बोललो नाही. पण म्हणून मी तुझ्या पोटावर पाय देईन का?”

“मग रंभावर ढकलायची एवढी घाई कशाला?”

“फाटली माझी, ताई! चावी माझ्याकडे आहे. तिच्यावर नाही आलं तर सीधा माझ्यावर येणार.”

लाज वाटावी असंच उत्तर होतं, पण खोटं नव्हतं. हेमांगी त्याला तिथेच सोडून वाडीत गेली.

नरहरी पानवेलींत काम करत होते. ऐंशीच्या घरात पोचलेला माणूस, पण वाडीत पाऊल टाकलं की पाठदुखी विसरायचे. वेलीच्या लोंबणाऱ्या शेंड्याला त्यांनी उचललं, पांगाऱ्याच्या खोडाशी धरलं, केळीच्या सुकलेल्या सोपटाची पट्टी फिरवली, फास टाकला, फासाखाली बोट घालून बघितलं आणि पुढच्या वेलीकडे गेले. बाजूला पाचोळ्याचा ढीग धुमसत होता. ते मधेच काठीने तो उकरत, पुन्हा वर पानं ओढत.

“सकाळपासून जळतोय का हा?” हेमांगीने विचारलं.

“ओला आहे पाचोळा. धड पेटत नाही.”

तिच्या पायाखाली केळीचं वाळकं पान कडकन मोडलं.

“बाबा, काल शेडकडे कुणी आलं होतं?”

“कोण येणार? मी तर पाठ धरून पडून होतो. तू अनुजकडे गेलीस ती दिवेलागणीलाच आलीस.”

ते खरं होतं. अनुज म्हणजे तिचा धाकटा भाऊ, विरारला फ्लॅट घेऊन राहणारा. आई गेली तेव्हा तो शाळकरी होता. त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याचं तापानं फणफणणं, सगळं हेमांगीने काढलं होतं. काल त्याने हट्टाने जेवायला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत काही सोडलं नाही. ताईला विश्रांती हवी, म्हणत होता. तिला केवढं कौतुक वाटलं होतं.

“देवघराच्या दारामागची चावी कुणी मागितली?”

“नाही गो.” नरहरींनी नवी पट्टी ओढली. “हेमा, त्या रंभाला पोलिसांत नको देऊ. गरीब आहे. उद्यापासून येऊ नको म्हणावं, झालं. आणि तूसुद्धा किती जिवाचं रान करशील? विमानं-बिमानं आपल्याला झेपायची नाहीत. थोडं कमी कर. अनुज म्हणतो, लोक मुंबईहून वाडीत राहायला येतात आता. त्यालाही काही करायचंय.”

ते बोलत होते आणि त्यांचे हात चालत होते. हेमांगी हातांकडेच बघत होती. आपण चुकतोय, आपण चुकायलाच हवं, असं ती स्वतःला बजावत राहिली.

बाबा पाणी प्यायला घरात गेले. हेमांगीने त्यांची काठी उचलली आणि पाचोळ्याच्या ढिगाकडे वळली.

ती शेडमध्ये परतली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते न धुताच तिने सगळ्यांना बोलावलं. प्रितेश, यतीन, रंभा, आणि “बाबा, तुम्हीही या.”

तिने टेबलावर मेण लावलेल्या दोरीचे तुकडे ठेवले.

“प्रत्येकाने एक घ्यायचा आणि या रिकाम्या सांगाड्याला बांधायचा. खोळ ओढून बांधतो तसा.”

“ही काय शाळा आहे?” यतीन कुरकुरला, पण त्याने बांधला. आवळून दुहेरी गाठ मारली, टोक आत खुपसलं. रंभाने बांधला. तसाच, उलट जास्त घट्ट.

“बाबा, तुम्ही.”

“मला कुठे येतं तुमचं काम?”

“येईल तसं बांधा.”

नरहरींनी दोरी घेतली. सांगाड्याच्या दांड्याभोवती फिरवली. आयुष्यभराची सवय ती, बोटांना डोक्याची परवानगी लागत नाही. फास पडला. त्यांनी फासाखाली बोट घातलं.

आणि ते बोट तिथेच राहिलं. त्यांनी वर पाहिलं. हेमांगी त्यांच्याकडेच बघत होती.

“प्रितेश,” ती म्हणाली, “ती गाठ सोडा.”

प्रितेशने टोक ओढलं. गाठ एका ओढीत सुटली.

“अशाच सुटल्या होत्या ना सकाळी?”

“अगदी अश्शाच.”

हेमांगीने एक हात टेबलावर टेकवला. बोलताना आवाज फुटू नये म्हणून ती सावकाश बोलत होती.

“मी आधी हा विचार केला, की कापड नेऊन कुणाला काय मिळणार? एका खुर्चीच्या मापाने कापलेला तुकडा तो. विकला जात नाही. आणि चोरायचंच होतं, तर फळीवर अख्खा तागा पडलाय, त्याला कुणी शिवलेलं नाही. म्हणजे ही चोरी नाही.

“मग पायलटचीच खुर्ची का? कारण प्रितेश तीच आधी उघडतात. ज्याने कापड काढलं, त्याला ते सापडायलाच हवं होतं. विमान पडावं, असं त्याला वाटत नव्हतं. माझं काम पडावं, एवढंच वाटत होतं. प्रितेशनी हे मागच्या खेपेला सांगितलं तेव्हा शेडमध्ये आम्ही तिघं होतो, आणि बाबा शहाळी घेऊन आले होते.

“रंभाने शनिवारी कापड काढून खोळ पुन्हा बांधली असती, तर गाठ तिची असती. यतीनने बांधली असती, तरी माझ्याकडे शिकलेलीच असती. या शेडमध्ये आम्ही सगळे दोरी आवळूनच बांधतो, सैल राहिली की चामड्याला सुरकुती पडते. बोट जाईल एवढी जागा ठेवून कोण बांधतं? वेल बांधणारा. वेल वाढते, जाड होते, म्हणून तिला जागा ठेवावी लागते, आणि उद्या वर चढवायची म्हणून गाठ एका ओढीत सुटावी लागते. चामडं कुठे वाढतं, बाबा?”

नरहरींनी सुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळली.

“तरी माझा विश्वास बसत नव्हता. म्हटलं, माझंच डोकं फिरलंय. मग चैत्रात ओला पाचोळा कुठून आला, ते बघायला गेले.”

तिने टेबलाखालून एक चुरगळलेला, काजळलेला बोळा काढून सगळ्यांसमोर ठेवला. काजळी झटकली तशी खालून राखाडी कापड दिसलं. कडेला रंभाच्या बारीक टाक्यांचे कापलेले दोरे अजून अडकलेले होते.

“ते जळत नाही, बाबा. त्याचं कामच ते आहे. सकाळपासून तुम्ही त्याच्यावर पानं ओढताय.”

रंभाच्या तोंडून एक हुंदका निसटला. तिने पदर तोंडाशी धरला.

“हेमा,” नरहरी घोगऱ्या आवाजात म्हणाले, “घरातलं घरात बोलू.”

“हिला चोर म्हणताना सगळे इथे होते. आता सगळ्यांसमोरच बोला.”

म्हातारा स्टुलावर बसला. एकदम थकल्यासारखा दिसला.

“शेड अनुजला हवी आहे,” ते म्हणाले. “इथे खोल्या बांधून पाहुणे ठेवायचे म्हणतो. जागा त्याचीच ना गो पुढेमागे. मला वाटलं, हे एक काम फिसकटलं की तू आपसूक कमी करशील. कुणाला दोष लागेल असं मनात आलं नाही.”

“सकाळी लागला तेव्हा? तुम्ही दारातच होतात.”

“तोंडच उघडेना.”

“केळी तुम्हीच दिली होतीत ना?”

त्यांनी मान हलवली. हो.

हेमांगीला रडू यायला हवं होतं. आली ती चीड, तळपायापासून मस्तकापर्यंत. परक्याने समोरून वार केला असता तर तिने सोसला असता. हा माणूस रोज सकाळी तिच्यासाठी चहा ठेवत होता, आणि त्याने केसाने गळा कापला होता.

“तुम्ही नुसतं म्हणाला असतात, हेमा, शेड रिकामी कर,” ती म्हणाली. “मी त्याच आठवड्यात केली असती. एका शब्दाने विचारलं नसतं.”

“ठाऊक होतं मला,” नरहरी खाली बघत म्हणाले. “म्हणूनच मागायची लाज वाटली.”

“आणि याची नाही वाटली?”

नरहरींनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

प्रितेशने घसा खाकरला. त्यालाही हे सगळं ऐकणं जड जात होतं. “ताई, तुमच्या कामात खोट नाही, ते मी वर सांगेन. रंभाताईंच्या कामात तर नाहीच. पण ज्या जागेत कुणीही शिरून खुर्ची उघडू शकतो, तिथे मी या खुर्च्या ठेवू शकत नाही. आत्ता घेऊन जातो. दुसरी जागा पक्की करा, काम तुमचंच राहील.”

म्हणजे शेड अखेर रिकामी होणारच होती. बाबांच्या मनासारखंच झालं होतं सगळं.

हेमांगीने कमरेची चावी सोडली आणि वडिलांच्या ओंजळीत ठेवली.

“घ्या. आणि आता टेम्पोत बसा. रंभाबरोबर चांदीपला जायचं. तिच्या सासूसमोर, शेजारपाजाऱ्यांना बोलावून सांगायचं, की कापड मी काढलं, हिने नाही. ती म्हणेल तेवढ्या वेळा सांगायचं.”

“मी? या वयात?”

“मी येणार नाही. तुम्हीच.”

रंभा टेम्पोपाशी गेली, तिने पुढचं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. “चला काका,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण नेहमीचा ओलावाही राहिला नव्हता. नरहरी उठले, टोपी घातली, आणि कुणाकडेही न बघता चढून बसले. दारातून ते एकदा वळले.

“अनुजला यातलं काही माहीत नाही हेमा. त्याला बोल लावू नकोस.”

“नाही लावणार,” ती म्हणाली, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. भाऊ तरी आपला आहे, असं वाटलं.

यतीन आणि प्रितेशने खुर्च्या चढवल्या. टेम्पो फाटकातून बाहेर पडला. यतीन रंभाची माफी मागायला मोटरसायकलवर मागोमाग गेला. शेडमध्ये फक्त मशीनं आणि हेमांगी उरली.

टेबलावर बाबांचा फोन राहिला होता. तो वाजायला लागला. पडद्यावर अनुजचा फोटो होता, विरारच्या घरात तिनेच काढलेला. बाबा गेलेत, हे सांगावं म्हणून तिने फोन उचलला. पण तिने तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला, हळू आवाजात, घाईघाईने.

“बाबा, इंजिनिअर येऊन गेला का? काम कॅन्सल झालं ना? काल मी ताईला संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवलं होतं, तुम्हाला पुरेसा वेळ मिळाला ना? तिला संशय तर नाही ना आला?”

हेमांगीने खुर्ची ओढली आणि ती बसली.

“अनुज,” ती म्हणाली, “ताईच बोलतेय.”